आधी जमा, मग वजा

१

वारूळवाडीच्या पुढे कालव्याच्या लोखंडी गेटला उंडे सर अडकलेले सापडले, तेव्हा त्यांच्या मरणाचं कारण साऱ्या गावाला आधीच ठाऊक होतं. आदल्या रात्री त्यांच्याच मोबाइलवरून 'कंचेभागुबेव' या ग्रुपवर फळ्याचा एक फोटो पडला होता. सकाळी प्रेत वर काढेपर्यंत तो जुन्नरपासून मंचरपर्यंत फिरून आला होता.

फौजदार उज्ज्वला थोरवे कालव्याच्या भरावावर उभी राहून तो फोटो पाहत होती. काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

१२ ÷ २(९ − ७ + १)
= १२ ÷ २(९ + १ − ७)
= १२ ÷ २(१० − ७)
= १२ ÷ २ × ३
= ६ × ३
= १८
मी चुकलो. – कुशाबा उंडे

फळ्यावर एक तिरपी पिवळसर पट्टी पडली होती, नेमकी 'चुकलो' या शब्दावर.

या पदावलीवरून गेला महिनाभर तालुक्यात भांडणं चालली होती. कोणी म्हणे उत्तर अठरा, कोणी म्हणे दोन, आणि सहा म्हणणारेही काही कमी नव्हते. उंडे सरांनी दोन सांगितलं होतं. त्यांचा तो व्हिडिओ कापून कुणीतरी रील केलं, खाली गाढवाचं ओरडणं जोडलं, आणि ज्या माणसाच्या हाताखालून दोन पिढ्या गणित शिकून गेल्या त्याला अनोळखी पोरं रस्त्यात 'ओ दोन सर' म्हणून हाका मारू लागली.

हवालदार गेणू म्हणाला, "मास्तर लई मानी व्हते मॅडम. लागलं असंल मनाला."

सरांची मुलगी नूतन प्रेताजवळ बसली होती. नारायणगावात तिचं औषधाचं दुकान होतं. ती रडत नव्हती. उज्ज्वला जवळ जाताच तिनं मान वर केली.

"अण्णांनी जीव दिलेला न्हाई, मॅडम. लोकं काय म्हणत्यात ते ऐकलंय मी. उद्या माझ्या पोरांना शाळेत सांगतील, तुमचा आजा गणित चुकला म्हणून मेला. तसं न्हाई ते."

"फळ्यावरचं अक्षर कुणाचं आहे?"

नूतननं उज्ज्वलाच्या हातातला फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "अक्षर अण्णांचंच हाये."

२

उंडे सरांची अभ्यासिका म्हणजे गावाबाहेर, कालव्याच्या रस्त्यावर, कांद्याच्या वखारीला लागून असलेली एक खोली. पश्चिमेला पत्र्याचं दार, त्याला लागून गजांची एक छोटी खिडकी, समोरच्या भिंतीला फळा, छताला पांढरा दिवा. दाराला तीन आकड्यांचं कुलूप. सर रोज सकाळी त्याचा आकडा बदलायचे आणि दारावर खडूनं एक उदाहरण लिहायचे. ज्याला ते सुटेल त्यानं कुलूप उघडावं, आत येऊन वाचत बसावं. किल्ली कुणालाच नव्हती आणि सगळ्यांनाच होती.

उज्ज्वलानं फळ्यासमोर उभं राहून पुन्हा तो मजकूर वाचला. पोलीस खात्यात येण्याआधी तिनं पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं होतं. उत्तरापेक्षा ते कसं आलं हे पाहायची सवय तिला तेव्हापासून होती. पायऱ्या बरोबर होत्या. काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

सरांचा मोबाइल आत टेबलावरच होता, चार्जरला लावलेला. त्याला कुलूप नव्हतं. उज्ज्वला तिथेच बाकावर बसून ग्रुप मागे मागे वाचत गेली.

ग्रुपचं नाव सरांनीच ठेवलेलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी: मराठी शाळेत पोरं ज्या क्रमानं पदावली सोडवायला शिकतात त्याची आद्याक्षरं. कंसाला चिकटलेला आकडा हा 'चे' समजायचा, आणि 'चे' भागाकाराच्या आधी, असा जुना पाठ. म्हणून सरांचं उत्तर दोन. नवी पोरं डावीकडून उजवीकडे जात, त्यांचं अठरा. आणि बेरीज वजाबाकीच्या आधी म्हणून कंसातले सात आणि एक घाईनं मिळवणारे सहावर पोचत. ते चूकच होते, पण सगळ्यांत मोठ्यानं तेच भांडत होते.

भांडणात दोन बिननावाची खाती पुढे होती. 'गणितवाघ' अठराच्या बाजूनं, 'सरभक्त' दोनच्या. दोघं एकमेकांची आईबहीण काढायचे बाकी होते. मरणाच्या आदल्या दिवशी सरांनी त्या दोघांच्या भांडणाखाली एवढंच लिहिलं होतं: "दोघांनाही मी ओळखतो. पायरी माझीच आहे."

त्याखाली लोकांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. म्हातारा आता बरळायला लागला, असं कुणी एकानं म्हटलं होतं.

रील करणारा सूरज वायकर दुपारी स्वतःहून ठाण्यात आला. नारायणगावात तो स्पर्धा परीक्षांचे क्लास घ्यायचा. पाचवी ते दहावी सरांकडेच शिकलेला. डोळे सुजले होते, पण जीभ जागेवर होती.

"ट्रोल केलं म्हंजे मारलं न्हाई, मॅडम. मी कापलं ते खरंय. सर पुढं आणखी एक वाक्य बोल्ले व्हते, ते काढलं."

"कोणतं?"

त्यानं मोबाइलमधून मूळ व्हिडिओ काढून समोर धरला. 'उत्तर दोन' असं सांगून सर थांबले होते, चष्मा पुसला होता आणि म्हणाले होते, "पण बाळांनो, खरं सांगू का, उत्तर शोधूच नका. ज्यानं हे लिहिलं त्यानं आधी आणखी एक कंस घालावा. दोन अर्थांचं लिहायचं आणि वाचणाऱ्याला मूर्ख ठरवायचं, हे गणित नव्हं."

उज्ज्वलानं ते दोनदा पाहिलं. हा माणूस दोनसाठी हट्ट धरून बसलाच नव्हता. मग 'अठरा, मी चुकलो' असं लिहून तो मरेल कशाला? फळा ज्यानं लिहिला त्याला सरांचं म्हणणं रीलपुरतंच माहीत होतं, किंवा बाकीच्यांना तेवढंच माहीत आहे याची त्याला खात्री होती.

"त्या संध्याकाळी तू कुठं होतास?"

सूरजची नजर खाली गेली. "अभ्यासिकेच्या दाराशी गेल्तो. माफी मागायला. कुलूप व्हतं. पण आत कोणतरी व्हतं की काय... न्हाई, कुलूप बाहेरून व्हतं. मला आधी वाटलं, सर मला बघून गप बसले."

३

अश्विनी पानसरे इंग्रजी शाळेत गणित शिकवायची. लग्न होऊन पुण्याहून आलेली. सरांशी ती ग्रुपवर स्वतःच्या नावानं भांडली होती, आणि तेही तीक्ष्ण भाषेत. ते तिनं लपवलं नाही. ती म्हणाली की सरांना विरोध करणारं माणूस लागायचं, नाहीतर त्यांना करमायचं नाही.

"त्या दिवशी मी त्यांना भागूच्या चहाच्या टपरीवर पाहिलं. अंधार पडला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. मला बघून हसले. म्हणाले, अठराबाई, उद्या या ग्रुपवर, गंमत दाखवतो. मरायला निघालेला माणूस उद्याचं आमंत्रण देतो का?"

भागूनंही तेच सांगितलं. मास्तर दिवस मावळायच्या आत टपरीवर आले ते अंधार होईपर्यंत हलले नाहीत. कसली तरी वाट बघत असावेत. मग कुणाचा तरी फोन आला म्हणाला, पण सरांचा मोबाइल तर खोलीत होता. भागूनं डोकं खाजवलं. फोन नव्हे, कुणीतरी रस्त्यापलीकडून हाक मारली, आणि मास्तर 'आलो' म्हणून उठले. कोण ते त्यानं पाहिलं नव्हतं, उजेड त्याच्या डोळ्यावर होता.

तिसरा माणूस ज्ञानेश्वर घोलप. सरांच्या मढच्या पहिल्या नोकरीतला विद्यार्थी. आता मंचरला राहायचा. त्याची शिष्यवृत्तीची मार्गदर्शकं जिल्हाभर चालत, आणि येत्या महिन्यात त्याचं गणिताचं अ‍ॅप निघणार होतं. अभ्यासिकेचं भाडंही तोच भरायचा. कालव्यावर सगळ्यांत जास्त तोच रडला होता, आणि सरांच्या देहाला खांदाही त्यानंच दिला होता.

तो हात जोडून बसला. सरांना त्या रीलचा फार त्रास झाला, असं त्यानं सांगितलं. जेवत नव्हते, झोपत नव्हते. त्या संध्याकाळी आपण मंचरलाच घरी होतो. सूरजला शिक्षा झाली पाहिजे.

"गुरूला मारायची रीत काय एकच असते का, मॅडम?" तो म्हणाला. "या पोरांनी हसून हसून मारलं त्यांना."

"फळ्यावरचं अक्षर तुम्ही पाहिलंत?"

"सरांचंच. मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार?"

जाताना त्यानं आपल्या जबाबाखाली सही केली. उज्ज्वलाचं लक्ष सहीवर गेलं आणि तिथंच राहिलं. ठसठशीत, गोल, किंचित डावीकडे झुकलेलं वळण. फळ्यावरच्या 'चुकलो'सारखं.

४

मढला जायचा रस्ता धरणाच्या काठानं वर चढत जातो. भातं काढून झाली होती, खाचरांत नुसते बुडखे उभे होते. लंकाबाई भवारी तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, ज्ञानेश्वरच्याच वर्गातल्या. उज्ज्वलानं त्यांना अक्षराबद्दल विचारलं तेव्हा त्या विषण्ण हसल्या.

"अवो, आमच्या वर्गात समद्यांचं अक्षर सरांसारखंच. हात धरून गिरवून घ्यायचे ना. माझं बघा." त्यांनी हजेरीचा फळा दाखवला. तेच वळण, तोच झोक.

म्हणजे अक्षरावरून काहीच ठरत नव्हतं. उज्ज्वला निराश होऊन उठणार तेवढ्यात तिला वाटलं, आलोच आहोत तर विचारावं. तिनं ती पदावली लंकाबाईंना फळ्यावर लिहून दिली आणि सोडवायला सांगितली.

लंकाबाईंनी खडू उचलला आणि जराही न थांबता कंसात लिहिलं: ९ + १ − ७.

उज्ज्वलाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"थांबा. हे मागचं एक पुढं का आणलंत?"

"का म्हंजे? आधी जमा, मग वजा. सर शिकवायचे आमाला. बेरीज आधी म्हणून पोरं सात आन एक मिळवून मोकळी व्हायची, चुकायची. मग सरांनीच ही रीत काढली. अधिक चिन्हवाले समदे आधी गोळा करा, मग वजावाले काढा. चुकायचं नाव न्हाई."

"सर सगळ्यांना हेच शिकवायचे?"

"छे. फक्त आमच्या वर्गाला. पुढं त्यांनी सोडलंच ते. खाली वारूळवाडीला बदली झाल्यावर पोरं जागा बदलताना चिन्ह मागंच इसरायची. म्हणले, लंके, ही रीत तुमच्यापुरती. आता डावीकडून उजवीकडं, दुसरं काय न्हाई. सोता पण पुन्हा तशी कधी केली न्हाई त्यांनी. आमी चिडवायचो बी, सर, आमाला उष्टं शिकवलं का म्हणून."

खाली उतरताना उज्ज्वलानं गाडी कडेला घेतली आणि सरांचा ग्रुप पुन्हा उघडला. गणितवाघ म्हणत होता: "कंसात ९ + १ − ७ म्हणजे ३, मग ६ × ३, अकलेच्या कांद्या." सरभक्तानं उत्तर दिलं होतं: "९ + १ − ७ म्हणजे ३ हे मान्य, पण २ चे ३ आधी, गाढवा." वैर उत्तराचं होतं. पायरी एक होती.

आणि दोघांच्याही प्रत्येक भांडणाच्या शेवटी तिसराच कुणी एका नव्या अ‍ॅपची लिंक टाकून जात होता.

५

उज्ज्वलानं सूरज, अश्विनी आणि ज्ञानेश्वर या तिघांना दुपार कलताना अभ्यासिकेत बोलावलं. नूतनही आली. दारावर उज्ज्वलानं खडूनं लिहून ठेवलं होतं: ९५० − ३७५ + १४८. कुलूप लावलेलं होतं.

"सरांच्या पद्धतीनं आत या," उज्ज्वला म्हणाली. "एकेकानं. दारावर करून दाखवायचं, कुलूप उघडायचं, पुन्हा लावायचं. बाकीच्यांनी वखारीमागं थांबायचं."

सूरज कुरकुरला की हे काय पाचवीचं. त्यानं ५७५ लिहिलं, त्यात १४८ मिळवले, ७२३ फिरवून कुलूप काढलं. गेणूनं दार पुसलं. अश्विनीनं वजा ३७५ आणि अधिक १४८ एकत्र करून वजा २२७ मांडले, ते ९५० मधून काढले. तेच ७२३. गेणूनं पुन्हा पुसलं.

ज्ञानेश्वर हसून पुढे आला. यात भागाकार नव्हता, कंस नव्हता, भांडायला काहीच नव्हतं. त्यानं सफाईनं लिहिलं:

१०९८ − ३७५ = ७२३

कुलूप उघडलं. या वेळी उज्ज्वलानं दार पुसू दिलं नाही. तिनं सगळ्यांना बोलावून आत बसवलं.

"उत्तर तिघांचंही एक आलं," ती म्हणाली. "आल्या वाटा मात्र वेगळ्या. फळ्यावरची दुसरी पायरी बघा. नऊ अधिक एक, वजा सात. ही वाट सरांनी कित्येक वर्षं टाकून दिली होती. सूरजला ती कधी शिकवलीच नाही, अश्विनीबाई तर त्यांच्या विद्यार्थीच नव्हत्या. ती फक्त मढच्या वर्गाची. गणितवाघाची तीच, सरभक्ताचीही तीच. सरांनी ते ओळखलं. एकच माणूस दोन तोंडांनी भांडतोय, तालुक्याला भांडायला लावतोय, आणि त्या गर्दीत आपलं अ‍ॅप विकतोय. स्वतःच्या गुरूला गाढव म्हणवून घेऊन. ते उद्या ग्रुपवर सगळ्यांना सांगणार होते. घोलप, तुम्ही त्या संध्याकाळी मंचरला नव्हता."

ज्ञानेश्वरनं दाराकडे पाहिलं. आपणच लिहिलेलं १०९८ त्याला दिसत होतं. बोलला तेव्हा पुस्तकी भाषा गळून पडली होती.

"व्हय, आल्तो. टपरीवरनं हाक मारली मीच. कालव्यानं चालत गेलो. म्हणलं, सर, अ‍ॅप निघंस्तवर थांबा, माझं समदं त्याच्यात गुतलंय. सर म्हणले, ज्ञाना, तूच कबूल कर, मी तुझ्या बाजूनं हुभा ऱ्हातो. मी न्हाई म्हणलं. भरावावर चिखल व्हता. ते घसरले. माझा हात धरला त्यांनी." तो थांबला. "सुटला हात. मला काय सुचंना. मग घाबरून हितं आलो आन फळा लिहिला. आधी ते पडले, मॅडम, मग मी लिहिलं. ठरवून काय न्हाई केलं."

सूरजनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

६

उज्ज्वला उठली नाही. तिनं घड्याळाकडेही पाहिलं नाही. ती खिडकीकडे पाहत होती.

"थोडं बसू," ती म्हणाली.

कोणालाच काही कळेना. बाहेर वखारीत कुणी कांदे निवडत होतं, त्याचा कोरडा आवाज येत होता. ऊन उतरलं. मावळतीचा सूर्य गजांच्या खिडकीशी आला, आणि खोलीत एक तिरपी पिवळी पट्टी शिरली. ती भिंतीवरून सरकत फळ्यावर चढली आणि 'चुकलो' या शब्दावर येऊन टेकली.

उज्ज्वलानं मोबाइलवरचा तो फोटो काढून ज्ञानेश्वरसमोर धरला. तीच पट्टी, तोच शब्द.

"ग्रुपवर हा तुम्ही रात्री, कालव्यावरून परत येऊन टाकला. पण काढला तेव्हा ऊन होतं. इथला दिवा पांढरा आहे, घोलप, त्याची अशी पट्टी पडत नाही. आणि अंधार पडून रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा सर टपरीवर जिवंत होते, हसत होते. सूरज दाराशी आला होता. त्याला आत कुणी असल्यासारखं वाटलं ते खोटं नव्हतं. कुलूप नुसतं कडीत अडकवून, आतूनच गजातून हात बाहेर काढून लावता येतं, खिडकी दाराला लागूनच आहे. सर चहाला बसले होते, कारण तुम्हीच त्यांना तिथं थांबायला सांगितलं होतं. ते तिकडे तुमची वाट बघत होते, आणि तुम्ही इथं त्यांची चिठ्ठी लिहीत होता."

ज्ञानेश्वरनं फोटोवरून नजर काढून फळ्याकडे पाहिलं.

"क्रम चुकला तुमचा," ती म्हणाली. "आधी फळा, मग कालवा."

गेणूनं त्याच्या दंडाला धरलं तेव्हा तो लहान मुलासारखा उभा राहिला. दाराशी पोचल्यावर त्यानं मागे वळून नूतनकडे पाहायचा प्रयत्न केला, पण ती फळ्याकडे तोंड करून उभी होती.

पट्टी फळ्यावरून वर सरकली आणि विझली. खोलीत अंधारू लागलं तरी कोणी दिवा लावला नाही.

"हात धरला व्हता म्हणाला," नूतन म्हणाली. "म्हंजे अण्णांना कळलं असंल. शेवटी, त्यानं हात सोडताना."

नूतननं वडिलांचा मोबाइल मागितला. त्याचा पंचनामा झालेला होता; उज्ज्वलानं मोबाइल आपल्या हातात धरूनच तिच्यापुढे केला. ग्रुप अजून जागा होता. सरांच्या निधनाच्या बातमीखाली कुणी फुलं ठेवली होती, कुणी हात जोडले होते, आणि त्याच्याही खाली अठरावाले, दोनवाले आणि सहावाले पुन्हा एकमेकांना भिडले होते.

नूतननं एका बोटानं, सावकाश लिहिलं: "मी उंडे सरांची मुलगी. अण्णांनी जीव दिलेला नाही. त्यांना मारलं. ते चुकले नव्हते. ज्यानं ते उदाहरण लिहिलं त्यानं आधी कंस घालायला हवा होता, एवढंच ते म्हणत होते."

ती वाट पाहत उभी राहिली. बघणाऱ्यांचा आकडा भराभर वाढत गेला.

मग पहिलं उत्तर आलं.

"भावपूर्ण श्रद्धांजली ताई. पण मग कंस घातल्यावर उत्तर किती?"